पोटभर रबर

मरळ माशाच्या पोटातून अकरा रबरी अळ्या निघाल्या. सहा लाल, तीन हिरव्या आणि दोन इतक्या फुगलेल्या, की रंगच कळेना. अन्नाचा कण नव्हता.

"कल्ले हलतायत!" किशोर ओरडला. "हा अजून जिवंत आहे!"

"मग? उपाशी मरायला टाइम लागतो," सरिता म्हणाली आणि तिनं विळीवर मासा पूर्ण चिरला.

सरिता धरणाकाठी राहायची. तिची आई सुलाबाई मासे विकायची. इंदिरानगरची निकिता आणि तिचा धाकटा भाऊ किशोर सुट्टीसाठी शेजारच्याच फार्महाउसवर, महेशकाकांकडे आले होते.

"एका बाईनं शिजवलेला मासा आणून आईच्या अंगावर फेकला," सरिता म्हणाली. "'रबर विकतेस?' म्हणाली. तवापासून गिऱ्हाईक नाय. सोमवारी पिंपळगावचा टेम्पो येतोय. आई कांदे निवडायला जाणार, मला बी नेणार."

"आणि शाळा?"

"शाळा टेम्पोत बसत नाय."

निकितानं एक अळी धुतली. शेपटीवर बारीक 'म' उमटला होता! "हा साचा मी पाहिलाय!"

काकांच्या गॅरेजमध्ये मऊ प्लास्टिक वितळत होतं. ते साच्यात ओतून काका गळाला लावायच्या नकली अळ्या बनवत. दर रविवारी येणारे हौशी गळवाले त्या घेत. पाकिटावर छापलं होतं : 'धान्यापासून बनवलेली. पाण्यात विरघळते.'

"काका, ही विरघळत नाही! गळावरून सुटली की मासे गिळतात आणि..."

"मरतात! मासे आणखी कशासाठी असतात?" काका हसले. "धान्याची अळी गळावर टिकते का, शहाणे? करून दाखव!"

"दाखवते!"

चायना ग्रासची अळी गळ टोचताच तुटली. जिलेटिनची अळी मे महिन्याच्या कोमट पाण्यात वितळून गेली.

"आता शेवया लावून बघ," किशोर म्हणाला.

गच्चीवर काकू कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा चीक पिळत होत्या. बोटांना चिकटलेला चिवट धागा काही सुटेना. निकिता बघतच राहिली! खाली धावत येऊन तिनं घट्ट कणीक मळली आणि गोळा नळाखाली धुतला. पांढरं पाणी वाहून गेलं. जे उरलं, ते रबरासारखं ताणलं जात होतं! तिनं ते वळलं, उकडलं, बिटाच्या रसात बुडवलं. गळ टोचला, ओढला. तुटेना!

रविवारी काठावर वीसेक गळवाले जमले. सरितानं कणकेची अळी लावून गळ टाकला. थोड्याच वेळात दोरीला झटका बसला!

"कसली गं ही अळी?" भिमाजी आजोबांनी विचारलं. गळवाल्यांत ते सर्वांत वडीलधारे.

"गव्हाची, आजोबा. काकांचीही धान्याचीच आहे. हो ना काका?"

"अर्थात! शंभर टक्के!"

किशोरनं कणकेची एक अळी तोंडात टाकली, चावली, गिळली. "मीठ कमी आहे."

निकितानं ताटली पुढे केली. "आता तुमची, काका!"

हशा पिकला. सगळे बघत होते. काकांनी लाल अळी तोंडात घातली. चावली. पुन्हा चावली. डोळ्यांत पाणी आलं.

"गिळा की!" सरिता म्हणाली. "माशानं अकरा गिळल्या."

"पा... पाणी!"

"द्या रे पाणी!" किशोर ओरडला. "पाण्यात विरघळते ना!"

काका वाकून ओकाऱ्या देऊ लागले. कुणी पाठीवर हात ठेवला नाही. मुलं पोट धरून हसत होती.

भिमाजी आजोबांनी आपलं अळ्यांचं पाकीट काकांच्या पायाशी रिकामं केलं. मग इतरांनीही केलं.

"शाबास, पोरांनो! डोळे असून आम्ही आंधळे!" आजोबा म्हणाले. "आता या काठावर फक्त तुमची अळी. आणि सुलाबाई, मासा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चिरा. गिऱ्हाइकं मी आणतो."

त्यांनी ती आणलीही. सोमवारी टेम्पो आला तेव्हा सरिता माशांची टोपली घेऊन काठावरच आईशेजारी बसली होती.

त्या दिवशी सुलाबाईंनी सहा मासे चिरले. पाचांच्या पोटात झिंगे आणि बेडकांची पिल्लं होती. सहाव्याच्या पोटात एक लाल अळी होती. निकितानं ती वजनकाट्यावर ठेवली. काकांची कोरी अळी पाच ग्रॅमची असते. ही पोटात फुगून सात पूर्णांक दोन दशांश ग्रॅम भरली.