आठव्या खाटेचा चार्ज

माझे मामा गोष्टी रचणारे गृहस्थ नव्हते, एवढं आधी सांगून ठेवतो. हे घडलंय, आणि माझ्याच घरच्या माणसाच्या बाबतीत घडलंय.

ऑगस्ट १९७९. शनिवार, सकाळचे आठ. भंडारा जिल्ह्यातल्या एका दवाखान्याचा मुलांचा वॉर्ड.

मामा, म्हणजे डॉक्टर खुशाल, नागपूरला बालरोगाचं शिकत होते. तीन महिन्यांसाठी इथे पाठवलेले. डॉक्टर दोनच, ते आणि टिकाराम. एकाचे छत्तीस तास संपले की दुसऱ्याचे सुरू.

चार्ज घेण्याची तिथे एक रीत होती. येणाऱ्याने प्रत्येक मुलाच्या कपाळावर हात ठेवून म्हणायचं, "माझ्याकडे." तोवर जाणाऱ्याने उंबरा ओलांडायचा नाही.

टिकारामला वरठी स्टेशनहून गाडी पकडायची होती. भराभर सात खाटा झाल्या आणि तो पळाला.

मामा मात्र झोपेच्या गुंगीत पुढे सरकले...

कोपऱ्यात अजून एक खाट होती. भिंतीकडे तोंड करून एक मूल निजलेलं.

"माझ्याकडे."

कपाळ गार होतं.

रजिस्टरात नावं मोजली. सातच. वळून पाहिलं... कोपरा रिकामा.

"केशरबाई, कोपऱ्यातली खाट कुठी गेली?"

आया जागीच थांबली. "तिथं खाट नाही, डॉक्टर. दोन साल झाले काढून. एक डॉक्टर बदलीवाला यायच्या आंधीच निंघून गेला होता. तेवढ्यात पोरगं गेलं. तवापासून हे हात ठेवाची रीत पडली." मग हळूच म्हणाली, "तुमी हात त नाही ठेवला ना?"

मामांनी तो हात खिशात घातला.

रविवारी संध्याकाळी आठला सुटका होती. आसगावला, सासरी, त्यांची बारा दिवसांची मुलगी होती. अजून तोंडही पाहिलं नव्हतं. शेवटची एसटी साडेआठची.

टिकारामने सात मुलं घेतली. मामांनी पिशवी उचलून उंबरा ओलांडला.

आतून रडणं ऐकू आलं...

धावत परतले. सातही मुलं झोपलेली. पाऊल बाहेर टाकलं की रडणं. आत आलं की गप्प.

"कोन रडून राह्यलं?"

"मले त काही आयकू येत नाही," टिकाराम हसला. "झोप नाही झाली तुही. जाय घरी."

रस्त्यावर एसटी येऊन थांबली. मामांना काहीही करून सुटायचं होतं.

"टिकाराम, त्या कोपऱ्यात हात ठेव. आन् माझ्याकडे म्हन."

टिकारामने गंमत म्हणून हात पुढे केला.

केशरबाई मामांच्या कानाशी आली. "मंग तुमच्या जागी ते अटकतीन, डॉक्टर."

मामांनी टिकारामचा हात धरून मागे ओढला.

एसटी गेली.

लेकीला त्यांनी पाहिलं ते दोन महिन्यांनी, पोस्टिंग संपल्यावर. तोवर ते रडणं त्यांच्या मागोमाग यायला शिकलं होतं. पुढे चाळीस वर्षं मामा रोज सकाळी आठला रिकाम्या जागी हात ठेवून तो एक शब्द म्हणायचे. मग रडणं दिवसभर शांत.

मागच्या महिन्यात मामा गेले.

शेवटच्या सकाळी मी उशाशी होतो. त्यांचा जीव जात नव्हता. सारखे गादीच्या कडेला बघत होते. "मी जाऊ कसा? याले कोनाले देऊ?"

मला बघवेना. मी त्या जागी हात ठेवला. नुसता धीर द्यायला म्हणालो, "माझ्याकडे, मामा."

त्यांनी माझा हात मागे ओढायचा प्रयत्न केला. अंगात बळ नव्हतं.

हाताला काहीतरी गार लागलं...

मी डॉक्टर नाही. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. आत्ता आठ वाजायला पाच मिनिटं आहेत. आज हात न ठेवता बाहेर पडायचं ठरवलं होतं, पण दार उघडायची हिंमत होत नाही.