मिरोनच्या दिव्याचं तेल

मारिनोस चीजवाला दर शनिवारी आपला जुना पिकअप घेऊन डोंगरातून क्रीट बेटावरच्या रेथिम्नो शहराच्या बाजाराला उतरायचा, आणि उतार लागला की इंजिन बंद करायचा. गाडी आपोआप जातेय तर डिझेल कशाला जाळायचं? असा माणूस. चीजच्या ढेपा बाजाराच्या आदल्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा, वजनाला बऱ्या. पण जिभेवर अशी साखर, की फसलेलं गिऱ्हाईक जाता जाता वर त्याच्याच गुडघ्याची चौकशी करून जायचं.

त्या पिकअपचा डिझेलचा काटा कधीच मेला होता. नवा काटा बसवायचा म्हणजे खर्च. त्यामुळे जानेवारीतल्या एका दुपारी, बाजारातून परतताना, घाटाच्या शेवटच्या वळणावर गाडीने आचके दिले आणि ती उभी राहिली. टाकी कोरडी. धुकं असं, की काचेतून स्वतःचंच बॉनेट दिसेना.

वळणावर मिरोनची पेटी होती. तिकडे रस्त्यात माणूस गेला, की घरचे त्या जागी खांबावर पत्र्याची छोटी पेटी उभी करतात. काचेचं दार, आत संताचं चित्र, तेवता दिवा, आणि मागे ऑलिव्हच्या तेलाची बाटली. दिवा मंदावलेला दिसला, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून दोन थेंब ओतावेत म्हणून. गारिफालियाबाईचा मिरोन इथूनच मोटरसायकलसकट दरीत गेला होता. लगेच नाही मेला. अंधारात पडून तो कुणीतरी दिवा आणा म्हणून ओरडत होता. मेंढपाळांनी ऐकलं, पण धुक्यात खाली उतरायची कुणाची छाती झाली नाही. तेव्हापासून त्याची आई रोज भर दुपारी पायवाटेने येऊन दिवा भरायची.

मारिनोसने बाटली पाहिली. चांगली मोठी होती. असलं जुनं डिझेल इंजिन काय, पडेल ते पितं. पण बाटली दिव्याच्या मागे, आणि अंगात नवा कोट. बाही पेटायला नको म्हणून त्याने दोन बोटं जिभेवर ओली केली आणि वात चिमटली. चुर्र झालं. मग त्याने तेल टाकीत ओतलं, हातपंप मारून लाइनमधली हवा काढली, आणि इंजिन खोकत खोकत सुरू झालं.

"उपकार झाले रे, मिरोन!" असं म्हणून तो हसला, आणि घरी आला.

हा किस्सा त्याने कॅफेत राकीची दारू पिता पिता रंगवून सांगितला. लोक हसले. मग एकेक जण आपापला पेला संपवून उठून गेला.

त्यानंतर गाडीचं बिनसलं. मारिनोस ती स्त्रातीस मिस्त्रीकडे घेऊन गेला. स्त्रातीस त्याच्या मुलीचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता. दोघं एकमेकांना त्या नात्याने कुंबारे म्हणायचे.

"कुंबारे, मिसिंग करतेय. चढावर दम तोडते. नोझल गेले असतील, पण नवे नको सांगूस हं."

"तुझ्या खिशाला हात लावण्यापेक्षा मी विंचवाला लावीन," स्त्रातीस म्हणाला. त्याने इंजिन चालू ठेवून सायलेन्सरमागे तळवा धरला, वास घेतला. हवेचा फिल्टर झटकून पाहिला, नळ्या चाचपल्या. शेवटी डिझेलचा फिल्टर खोलला. आतली जाळी पांढऱ्या, थिजलेल्या, तुपासारख्या गोळ्याने भरली होती.

"हिला काय पाजलंस?"

"डिझेलच की. आणि… एकदा थोडं मिरोनचं."

स्त्रातीसने पाना खाली ठेवला. "दिवा विझलेला होता ना तेव्हा?"

"मी विझवला. नव्या कोटाची बाही गेली असती."

स्त्रातीसने छातीवर क्रूस केला. "घेतलंस त्याच्या दुप्पट नेऊन दे. चांगल्यातलं दे. आणि त्याच्या आईसमोर लाव."

"तू मिस्त्री आहेस का पाद्री?"

"टाकी मी धुवीन, कुंबारे. पुढचं माझ्या पान्याने सुटायचं नाही."

टाकी धुतली. नवा फिल्टर बसला. गाडी गावभर तरण्या घोड्यासारखी पळाली, आणि शनिवारी परतताना, दुपारी, त्याच वळणावर आचके देऊन उभी राहिली. फिल्टर खोलला तर पुन्हा तोच पांढरा गोळा. मारिनोसने टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं. पुढच्या शनिवारी कुलूप जागच्या जागी, आणि गोळाही.

शेवटी तो तेल द्यायला तयार झाला. पण व्यापाऱ्याचा हात चांगल्या मालाकडे सहजी जात नाही. मागच्या हंगामातला एक डबा त्याच्याकडे पडून होता, खवट, काळसर, कुणी फुकटसुद्धा नेत नव्हतं. जाळायचंच तर आहे, मेलेल्याला काय चव कळते! गारिफालिया नसताना त्याने तेच नेलं. दिवा तडतडला, संताच्या चेहऱ्यावर काजळी धरली. पण त्यानंतर गाडी कुठेच अडली नाही. सौदा मिटला, असं मारिनोसने धरलं.

मे महिन्यात त्याची मुलगी अनेझिना बाळंतपणाला घरी आली. जावई बोटीवर. आधीचं मूल पोटातच गेलेलं, म्हणून सगळे तिला फुलासारखं जपत होते. त्या दिवशी सगळं गाव डोंगरापलीकडे लग्नाला गेलेलं. आहेर करावा लागेल म्हणून मारिनोसने कंबर धरल्याचं सांगितलं होतं. आणि दुपारी अनेझिनाचं पाणी गेलं. शहरातून अँब्युलन्स यायची म्हणजे पोर तोवर चालायला लागेल. त्याने तिला पिकअपमध्ये बसवलं. या खेपेला उतारावरही इंजिन बंद केलं नाही.

वळणावर धुकं होतं. इंजिन दोनदा गुदमरलं आणि गप्प झालं.

"बाबा… का थांबलात?"

"झालं, बाळा. हवा धरलीय नुसती."

त्याने टाकीचं झाकण फिरवलं, आणि टाकीने श्वास आत ओढला. लांब, खोल… बुडता माणूस वर येऊन घेतो तसा. त्याने फिल्टर खोलला. आज आत पांढरं काही नव्हतं. काळं, चिकट, खवट. त्याचं स्वतःचंच तेल परत आलं होतं. टाकीत काठी घालून पाहिली, तर डिझेलचा थेंब नाही.

धुक्यातून काठीचा आवाज आला. गारिफालिया पायवाटेने येत होती. हातात भरलेली बाटली.

"मावशी… पोर अडलीय माझी. तेवढं तेल…"

म्हातारीने गाडीत डोकावून पाहिलं. कण्हणाऱ्या अनेझिनाच्या कपाळावरचा घाम तिने पदराने टिपावा तसा आपल्या काळ्या रुमालाने टिपला.

"ओत की," ती मऊ आवाजात म्हणाली. "मागे कुठे विचारलं होतंस?"

"पिंप भरून आणून देतो. पहिल्या घाण्याचं!"

"पिंप नको. पण हे आजचं त्याचं आहे. हे नेलंस, तर इथे उजेड नाही…" ती पेटीकडे बघत होती. "आणि अंधारात माझं पोर राहत नाही. तो आपला उजेड शोधून घेतो. कुठे, ते मला विचारू नकोस."

आतून अनेझिना किंचाळली. मारिनोसने बाटली जवळजवळ हिसकावलीच. बरोबर ठेवलेला नवा फिल्टर बसवला, हवा काढली. पहिल्या चावीला इंजिन सुरू झालं.

मुलगा झाला. जिवंत, गुटगुटीत. फक्त डॉक्टरने डोळ्यांसमोर बॅटरी फिरवली, तेव्हा डोळे वळले नाहीत.

गावी आल्यावर अनेझिनाच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. बाळाच्या दोन्ही बुबुळांत एकेक पिवळा ठिपका होता. कशाचं तरी प्रतिबिंब असेल, म्हणून तिने पडदे ओढले, दिवे घालवले. ठिपके तसेच. मध्येच हलायचे. ज्या दुपारी वळणावर वारा सुटायचा, त्या दुपारी जास्त. आणि ठिपके बारीक झाले, की बाळाचे ओठ निळे पडायचे.

आता मारिनोस रोज दुपारी वळणावर जातो. घरातलं सगळ्यात चांगलं तेल नेतो, मापाशिवाय ओततो. गड्याला पाठवून पाहिलं, तर त्या दिवशी बाळाने दूध ओढलं नाही. स्त्रातीसने आपण होऊन जाऊन पाहिलं, तेव्हाही तेच. जायचं ते मारिनोसनेच. गारिफालिया पुन्हा वळणावर दिसली नाही. बहिणीकडे राहायला गेली म्हणतात. गाडी मात्र शिलाई मशीनसारखी चालते. स्त्रातीस इंजिनाला कान लावतो, मान हलवतो आणि बॉनेट बंद करतो.

परवाची गोष्ट. स्वच्छ ऊन, पानही हलत नव्हतं. मारिनोस पिकअप घेऊन निघाला. एरवी वाटेत तो स्वतःशी काहीतरी पुटपुटत असायचा; परवा वळण कधी आलं ते त्याला कळलंच नाही. भानावर आला तेव्हा तो पेटीसमोर उभा होता, मागे इंजिन चालू, आणि खिशात फोन वाजत होता.

"बाबा!… गेले… दोन्ही डोळ्यांतले… एकदम… लवकर लावा ना…"

पेटीचं काचेचं दार उघडं होतं. दिवा काठोकाठ भरलेला. वात चपटी झालेली, टोकाला ओली, आणि त्यातून धुराची बारीक रेघ सरळ वर जात होती.

मारिनोसने काडी काढली. ती बोटांतून निसटली. दुसरी काढली, तीही निसटली. मग त्याने हात उन्हात धरला.

अंगठा आणि शेजारचं बोट काजळीने काळं झालं होतं, आणि ओलं होतं.

"बाबा… लावला का?… बाबा?"

मारिनोसने ओठ चाटले. जिभेवर जळक्या वातीची चव होती.