गाडीत जागा नाही

ही रात्रीची गोष्ट नाही. म्हणूनच बहुतेक कुणी विश्वास ठेवत नाही.

भर दुपारी घडलंय हे. लख्ख ऊन होतं. आम्ही पाच जण होतो, आणि पाचही जणांनी डोळ्यांनी बघितलंय.

एक आधीच सांगते, यात घाण आहे. जेवता जेवता वाचू नका.

मागच्या सप्टेंबरातला दुसरा शनिवार. मी ज्योत्स्ना, माझा नवरा ललित आणि आमची दहा वर्षांची निकिता. सोबत ललितचा कॉलेजपासूनचा मित्र मुझफ्फर आणि त्याची बायको सलिमा. ते दोघं मालेगावहून आदल्या दिवशीच आमच्याकडे नाशिकला आले होते. दोन दिवसांसाठी आम्ही कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली होती. आत गॅस, छोटं बेसिन, जाळीच्या खिडक्या, आणि मागे मोठा पलंग. उशाशी छोटा पंखासुद्धा. पलंगावर मी घरची चादर अंथरली होती. पांढरी, नवी कोरी.

पेठ रोडने निघालो. सावळघाट उतरलो. दोन्ही बाजूंना भाताची हिरवीगार खाचरं, मधेच खुरासणीची पिवळी फुलं. निकिता खिडकीतून हटत नव्हती.

साडेअकराला एका टपरीवर चहाला थांबलो. पेठ तिथून वीस मिनिटांवर. ललित आणि मुझफ्फर टपरीपाशी, आम्ही तिघी गाडीतच. दार उघडंच होतं.

तेवढ्यात वास आला.

दाराशी एक बाई उभी होती. तिच्यामागे, जमिनीवर, एक म्हातारी बसली होती. तिचा उजवा पाय खांबासारखा सुजलेला. पोटरीला फडकं गुंडाळलेलं, ते पिवळं-काळं झालेलं. त्यावर माश्या.

"ताई, पेठच्या दवाखान्यात सोडा ना," ती बाई म्हणाली. "मी चंद्रभागा. ही माझी आय, कुसाबाई. पाय लय सडला हे. सकाळपासून कोनी घेत नाय."

फडक्याच्या कडेला काहीतरी पांढरं वळवळत होतं. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"गाडीत जागा नाही हो," मी म्हणाले.

म्हातारी माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या बाजूने आत बघत होती. पलंगाकडे.

"खाली बसंल ती. पत्र्यावर बसंल," चंद्रभागा म्हणाली.

"आणि आम्ही पेठला जातच नाही आहोत."

धडधडीत खोटं. सलिमाने माझा हात दाबला. "घेऊ या गं. वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"निकिता आहे आपल्यासोबत. काही इन्फेक्शन झालं तर?"

निकिता म्हणाली, "आई, पण जागा आहे ना?"

मी दार ओढून घेतलं.

ललित आणि मुझफ्फर पैसे देऊन आले, गाडी सुरू झाली. त्यांना काही कळलंच नाही. पेठच्या दवाखान्यासमोरूनच पुढे गेलो. सलिमाने मागे वळून दवाखान्याकडे बघितलं.

पेठ सोडलं आणि पुन्हा तोच वास...

मला वाटलं नाकात बसलाय. पण ललितनेही काच खाली केली. "काय सडलंय गाडीत?"

साडेबाराला नदीकाठी गाडी लावली. सगळं उपसलं. कचऱ्याची पिशवी, चपला, बेसिनची जाळी. सलिमाने बिर्याणीचं भांडं उघडलं. त्याला छान वास येत होता.

सडका वास फक्त पलंगाजवळ होता. चादर तर पांढरी स्वच्छ!

माझं डोकं ठणकायला लागलं. बाकीचे बाहेर सतरंजी टाकून बसले. मी नाकाला ओढणी लावली, पंखा सुरू केला आणि पलंगावर आडवी झाले.

गादी कोमट होती...

कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

मी कूस बदलली. पाय लांब केला. पोटरीखाली काहीतरी मऊ लागलं, उशीसारखं. मी सगळा भार त्यावर टाकला.

ते फुटलं.

अगदी हळू. पिकलेला टोमॅटो दाबावा तसं. आणि माझ्या सलवारीतून गरम, चिकट ओल आत शिरली.

मी उडी मारून उठले. सलवारीला पोटरीवर पिवळा, दाट डाग. त्यात फडक्याचा एक धागा. आणि धाग्याजवळ एक बारीक पांढरी अळी, वळवळत...

मी बाहेर पळाले आणि गवतात ओकले. सकाळचा चहा, पोहे, सगळं बाहेर पडलं. तरी उमासे थांबेनात.

सलिमा पाठ चोळत होती. अचानक तिचा हात थांबला.

"ज्योत्स्ना... हा आवाज कसला?"

गाडीतून घूं घूं येत होतं.

सतरंजीवर बिर्याणी उघडी होती. तिच्यावर एकही माशी नव्हती. एकही नाही.

आम्ही दारातून आत बघितलं.

सगळ्या माश्या पलंगावर होत्या. खिडक्यांना जाळ्या, तरी शेकड्यांनी. पण पसरलेल्या नव्हत्या. उशीवर एक गोल. खाली खांदे. पोटाशी घेतलेले हात. मग पाय.

एक पाय काडीसारखा.

दुसरा खांबासारखा जाड.

मुझफ्फर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. ललितने निकिताचे डोळे झाकले, पण उशीर झाला होता.

मग तो काळा आकार एकदाच वर-खाली हलला. श्वास सोडल्यासारखा.

आणि सगळ्या माश्या एकदम उडाल्या. आमच्या तोंडांवरून, केसांतून बाहेर गेल्या. मग काहीच आवाज नाही. वाससुद्धा गेला...

मुझफ्फरने घड्याळ बघितलं. एक वीस.

"परत चला," सलिमा म्हणाली. "आधी त्या म्हातारीला बघू."

वाटेत तिनेच ललित-मुझफ्फरला सगळं सांगितलं. टपरीपर्यंत जावंच लागलं नाही. पेठच्या दवाखान्याच्या फाटकाशी चंद्रभागा बसलेली दिसली. एकटी. तिच्या हातात आईच्या चपला होत्या.

मी सलवार बदलली होती. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"गेली. वाटंतच गेली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "एक वाजता पिकअपवाल्यानं घेतलं. खताच्या गोन्यांवर निजवलं. गोन्या टोचत्याल म्हनून मी मांडी देत होती. तर म्हने, नको. गादी लय मऊ हे. डोक्याशी पंखा फिरतोय."

ललितने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

"मग एकदम वरडाया लागली. म्हने, एक बाई येऊन माझ्या पायावर निजली. तिला उठव, चंद्रभागे, तिला उठव. मी म्हनलं, आय, कोनी नाय गं. तेवढ्यात पाय फुटला. सगळं वाहून गेलं... मंग थोड्या येळानं तीबी."

माझा हात आपोआप पोटरीकडे गेला.

ललित म्हणाला, "मावशी, आईला घरी न्यायला आमची गाडी घ्या."

चंद्रभागा उठली. गाडीत चढली. पलंगाजवळ गेली. पांढऱ्या चादरीवर मी निजले होते तिथे एकच पिवळा डाग होता. ती वाकली, हळूच डागावर हात ठेवला. मग तो हात तिने नाकाशी नेला.



"गाडी नको," ती म्हणाली. "मान्सं येत्यात गावातून. ही चादर देता का?"

मी मान हलवली. तिने चादर नीट घडी केली, तान्हं बाळ घ्यावं तशी छातीशी धरली आणि खाली उतरली. मागे वळून बघितलं नाही.

आता वर्ष होत आलं. डॉक्टरांनी माझी पोटरी दोनदा तपासली. काही नाही म्हणाले. निकिता त्या दिवसाबद्दल बोलत नाही. फक्त मी जवळ घेतलं की श्वास रोखून धरते.

काल शेवटी तिला विचारलं, "असं का करतेस गं?"

तिने माझ्या पोटरीकडे बघितलं.

मग म्हणाली, "आई, तुला नाही येत का?"