तिसऱ्या रांगेतलं तोंड

विजयश्री त्या हॉलमध्ये झोपायला गेली होती. खोटं कशाला सांगा.

रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पंख्याखालची खुर्ची दिसली की तीच गादी वाटते. आणि त्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेवरचा पंखा तेवढा धड फिरत होता. ती चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायची, त्यावर टेप गुंडाळायची, आणि सुट्टीच्या दिवशी कासारवाडीच्या संस्थेत डिप्लोमा करायची. 'कमवा आणि शिका' म्हणतात त्याला. कमाई कंपनीची, शिक्षण कागदावर. वर्गातली सगळी पोरं धाराशिव, बीड, नांदेडकडून आलेली, आणि सगळी पेंगणारी. त्यांच्या डोक्यावर संस्था अधूनमधून एखादा व्याख्याता आणून आदळायची. सुटाबुटातला, यशाचा मंत्र देणारा, जाताना शाल-नारळ काखेत मारून जाणारा. ज्या पोरी अंधारात उठून डबा भरतात त्यांना तो सांगणार, की लवकर उठत जा.

तर त्या दिवशीही तिनं ओढणी तोंडावर घेतली आणि डोळे मिटले.

पण ओढणीआडून दिसलेला माणूस सुटातला नव्हता. बाह्या दुमडलेला साधा शर्ट, हाडकुळा, केस विस्कटलेले. त्यानं माईक बाजूला ठेवायला लावला, स्टेजवरून खाली उतरला आणि म्हणाला, की मी काही शिकवणार नाहीये, माझ्या बाबतीत झालेली एक गोष्ट सांगणार आहे. कम्युनिकेशन शिकवणाऱ्या पद्मा मॅडमनी त्याला बोलावलं होतं. क्षितिज नाव. प्राधिकरणातल्या बऱ्या घरातला.

त्याचा भाऊ परदेशी गेला, मग नातवंडाला सांभाळायला आई-वडील गेले, ते तिकडचेच झाले. मागे राहिला हा आणि एक मोठा फ्लॅट. स्वयंपाक येत नव्हता. वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरी रोज कुकर लागायचा. त्यांची पहिली शिट्टी झाली की हा आपला भात लावायचा, आणि त्यांच्याकडे ताटं वाजली की हा जेवायला बसायचा. वाटायचं… घरात कोणीतरी आहे. एक दिवस ती माणसं घर सोडून गेली. याला ठाऊक नव्हतं. धुतलेले तांदूळ पुढ्यात घेऊन हा बसून राहिला — शिट्टीची वाट बघत.

इथे तो थांबला. श्वास अर्धा घेतला आणि तसाच ठेवला.

आणि हे सगळं सांगताना तो बघत कोणाकडे होता? विजयश्रीकडे. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, फक्त तिच्याकडे. ओढणी तोंडावरून कधी खाली आली, पाठ कधी ताठ झाली, तिचं तिला कळलं नाही. गाव सोडल्यापासून तिच्याकडे असं कोणी बघितलंच नव्हतं. सुपरवायझर हातांकडे बघायचा, गेटवरचा वॉचमन गळ्यातल्या कार्डाकडे. आई फोनवर पगार कधी होतो ते विचारायची. तोंड मात्र कोणाला लागत नव्हतं.

मग पद्मा मॅडमनी कोरे कागद वाटले. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात, म्हणाल्या, तुमच्या बाबतीत काय झालं तेवढं लिहा. विजयश्रीला वाटलं, आपल्या बाबतीत कुठं काय झालंय. पेन कागदावर टेकवून बसली. आणि मग हातच सुटला.

तिनं खाटेबद्दल लिहिलं. काळेवाडीच्या खोलीत चौघी जणी आणि खाटा दोन. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून भागायचं. ती कामावरून यायची तेव्हा मोनिका नावाची पोरगी नुकतीच उठून कंपनीत गेलेली असायची. दोघींची नीट भेट कधी नाही. पण अंग टाकलं की खाट गरम लागायची. माणूस नाही, नुसती ऊब. तिला मोनिकाचा आवाज आठवायचा नाही, पण ऊब ओळखू यायची.

पद्मा मॅडमनी वाचलं. लाल पेन काढलं नाही. पुढच्या वेळी तुम्ही पोरं सांगणार आहात, म्हणाल्या, तू हे सांग. कागद न घेता.

ती गेटबाहेर आली तर क्षितिज चहाच्या टपरीवर उभा. थंडीचे दिवस, वाऱ्यात धूळ आणि कुठल्याशा कारखान्याचा जळक्या रबराचा वास.

"झोपमोड केली ना मी तुमची?" तो म्हणाला.

"केलीच की. आता भरून द्या."

"चहा चालेल?"

"चहानं जाती ओ झोप. भरून कुठं येती?"

तो हसला. तिनं तरीही चहा घेतला. कागदी कप तिच्या बोटांना चिकटून बसला. टेपचा डिंक साबणानं जात नाही, दिवसेंदिवस राहतो. ती लाजून हात मागे घेणार, तेवढ्यात त्यानं एका हातानं कप धरला आणि दुसऱ्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली… अगदी हळू.

तिनं धीर केला. "माझ्याकडंच बघून का सांगत होतात?"

त्यानं चहावर फुंकर मारली. "तुम्ही ऐकत होतात म्हणून."

आता असं उत्तर दिल्यावर पोरीनं काय करावं, तुम्हीच सांगा. ती ते उत्तर घेऊन काळेवाडीला गेली. कंपनीत नेलं. टेप गुंडाळताना तेच, डब्यातली भाजी चिवडताना तेच.

मग त्याचा कार्यक्रम जिथं असेल तिथं ती जायला लागली. झोप मोडून, बस बदलून. काळेवाडीच्या वाचनालयात तो सबंध वेळ कानयंत्र लावलेल्या एका आजोबांकडे बघत होता. तिला वाटलं, लोकांत लाजतोय बिचारा. मन किती हुशार असतं बघा, पाहिजे ते शोधून काढतं. त्या दिवशीही चहा झाला. भाताला पाणी किती घालायचं ते तिनं त्याला बोटाचं पेर दाखवून शिकवलं. तो म्हणाला, कोणाचं पेर धरायचं, तुमचं की माझं? ती म्हणाली, जो जेवणार त्याचं. यावर दोघंही उगाचच बराच वेळ हसले.

आणि मग दिघीचं कॉलेज आलं.

ती कडेच्या खुर्चीवर बसली होती. तो आत आला, त्याची नजर तिच्यावरून गेली आणि थांबली नाही. थांबली ती मधल्या रांगेतल्या पिवळ्या ड्रेसवाल्या पोरीवर. तोच फ्लॅट, तोच कुकर. तेच धुतलेले तांदूळ. तिथंच तो थांबला, तेवढाच अर्धा श्वास घेतला, तसाच धरला. पिवळ्या ड्रेसवाली डोळे पुसत होती. विजयश्रीच्या डोक्यात सणक गेली. अरे, म्हणजे हे सगळं ठरलेलं आहे. श्वाससुद्धा.

गेटवर तिनं त्याला गाठला.

"प्रत्येक ठिकाणी एक गिऱ्हाईक धरता का ओ?"

त्याला लगेच कळलं ती कशाबद्दल बोलतेय. समजावायला लागला, की सगळ्यांकडे बघून सांगितलं की त्याचं भाषण होतं. एका माणसाला सांगायचं, म्हणजे बाकीच्यांना आपोआप ऐकू जातं. हे शिकावं लागतं. कधी आजोबा असतात, कधी शिपाई असतो —

"आणि कासारवाडीला? मी कोण होते?"

त्याला थापही मारता आली असती. दुसऱ्या कोणी मारलीच असती.

"तिसऱ्या रांगेतलं एक तोंड," तो म्हणाला. "त्या दिवशी… तेवढंच होतं."

त्या दिवशी म्हणजे काय, नंतर काय, हे विचारायला ती थांबली नाही. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसली. रडली नाही. रडायला एकांत लागतो आणि तिच्याकडे नुसतं एकटेपण होतं. खोलीवर आली, खाटेवर पडली. खाट गरम होती. तिला त्या उबेचासुद्धा राग आला.

पद्मा मॅडमना तिनं फोन करून सांगितलं, की स्टेजवर सांगणं मला नाही जमायचं. मॅडम म्हणाल्या, बरं. आणि वर म्हणाल्या, की राग आलाय तर तो घेऊन ये, रिकाम्या हातानं येण्यापेक्षा बरं.

ती गेली. हॉल भरलेला होता, सगळ्या बॅचची पोरं एकत्र बसवलेली. क्षितिज मागे दाराला टेकून उभा होता. तिनं त्याला बघितलं आणि ठरवलं, की याच्याकडे मान वळवायची नाही. मग बघायचं कोणाकडे? दोनशे तोंडं समोर. तेवढ्यात भिंतीकडेला एक पोरगी दिसली. गोल चेहरा, कंपनीचा निळा शर्ट, जांभई देत होती. मोनिका. दुसऱ्या बॅचची. तिला जागी असलेली बघून किती काळ झाला होता.

विजयश्रीनं मोनिकाला सांगायला सुरुवात केली.

आधी खाट सांगितली. पोरं हसली, सगळ्यांच्याच खोल्या तशा, त्यांना माहीत नाही असं काय होतं त्यात. मग जे कागदावर नव्हतं तेही ती सांगत सुटली. एक माणूस आला, माझ्याकडे बघून एक गोष्ट सांगून गेला. मला वाटलं, ती माझ्यासाठी होती. नव्हती. त्याचं ते काम आहे, मी वायरी बांधते तसं. मी बसभाडं घालून त्याच्या मागं फिरले. मागच्या रांगेतून एकानं शिट्टी मारली. ती थांबली नाही. "हसा," ती म्हणाली. "पण माझं चुकलं नव्हतं. इतके दिवस कोणी बघितलंच नाही आणि मग एकानं बघितलं, तर माणूस उठून बसणारच. मी उठून बसले. एवढंच झालं."

पुन्हा शिट्टी वाजली नाही. आणि मग पद्मा मॅडमनी न सांगताच दोघा-तिघांनी लिहायला कागद पुढे ओढले.

ती खाली उतरली तर मोनिका समोर. दोघींना एकमेकींशी कसं बोलायचं तेच माहीत नव्हतं. मोनिका खाली बघत म्हणाली, "मी उठले ना, की पांघरूण परत पसरून जाते. मुद्दाम. तू येईपर्यंत गरम राहावं म्हणून."

विजयश्रीनं तिचा हात धरला. इतके दिवस जे रडायचं राहिलं होतं ते तिथं, भर हॉलमध्ये, दोनशे जणांसमोर झालं.

बाहेर आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. काळेवाडीचा शेअर रिक्षावाला एक सीट, एक सीट करून ओरडत होता. गेटजवळच्या कट्ट्यावर क्षितिज बसलेला. मोनिकानं त्याला बघितलं, विजयश्रीला बघितलं आणि काही न विचारता ती एक सीट पकडून निघून गेली.

विजयश्री उभी राहिली. बसली नाही.

"एकदाही बघितलं नाहीत," तो म्हणाला. "मी वाट बघत होतो. सगळा वेळ."

"मग? कसं वाटलं?"

"वाईट. फार वाईट."

"बरं झालं."

तो हसला नाही. हात एकमेकांत अडकवून बसला होता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. "दिघीला तुम्ही मला आत आल्याआल्या दिसलात. मी मुद्दाम नजर काढली. म्हणजे… तुमच्याकडे बघून ती गोष्ट सांगता येत नाही आता. घोटून घोटून गुळगुळीत झालीये ती. तुम्हाला सांगायला गेलो तर खोटी वाटते."

"मग खरी सांगायची."

"ते मला येत नाही. स्टेजवर येतं. घरी गेलो की… कोणाला काय सांगायचं असतं, विजयश्री? दार उघडायचं, लाइट लावायचा."

तिला त्याच्यावर अजून राग होता. तो एवढ्यात जाणारही नव्हता. पण हॉल भरभरून माणसं ज्याचं ऐकतात त्याला घरी लाइट लावल्यावर बोलायला कोणी नाही, हे तिला त्याच्याहून जास्त कळत होतं. ती कट्ट्यावर बसली. मध्ये एका माणसाची जागा सोडून, तिथं पर्स ठेवून.

"काल काय केलंस?" ती म्हणाली. अहो-जाहो कुठंतरी गळून पडलं आणि दोघांनीही ते उचललं नाही.

"काल? काही नाही. म्हणजे… काल डाळ केली. मीठ दोनदा पडलं. टाकून देणार होतो, मग खाल्ली. मग पाणी पीत बसलो… आणि… हे काय सांगण्यासारखं नाहीये."

"सांग."

"बाल्कनीत उभा होतो. समोरच्या बिल्डिंगमध्ये एक बाई कपडे… नाही, आधी… थांब, चुकलं. आधी पाऊण तास मी तुला मेसेज लिहीत होतो. मग ते खोडलं. मग ती बाई. तिनं चादर झटकली… आणि मला वाटलं… काय वाटलं ते आता आठवत नाहीये."

ना कुठं थांबायचं ते ठाऊक, ना श्वास कुठं घ्यायचा ते. इतकी वाईट गोष्ट त्यानं आयुष्यात सांगितली नसेल. तो रस्त्याकडे बघत होता, बुटाकडे बघत होता, आणि शेवटी भीत भीत तिच्याकडे.

दुसरी रिक्षा येऊन उभी राहिली. एक सीट, एक सीट. तिनं मान हलवून रिक्षावाल्याला जायला सांगितलं आणि मधल्या जागेवर ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली.

"चादर झटकली," ती म्हणाली. "मग?"