पाठमोरी बाई

उद्या जर्मनीतल्या स्ट्राल्झुंड गावच्या नगरभवनात डेटलेफ हार्मसेनच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. जिवंतपणी ज्याला कुत्रं विचारत नव्हतं, त्याच्यावर आता भाषणं होणार होती! म्हणून त्याचा शिष्य योर्न भरदुपारी त्याच्या विधवेच्या, गेझिनाकाकूंच्या घरी आला, भिंतीवरचं मोठं चित्र पुसायला.

गोठलेला समुद्र, खडक, आणि खडकावर पाठमोरी बाई. ती बाई गेझिनाच. नवऱ्याने तिला जन्मभर पाठमोरीच काढलं. "तोंड दिसलं की लोक आभाळ बघत नाहीत," म्हणायचा मेला.

"काकू, थंडीत किती वेळ उभ्या राहायचात हो?"

"तो 'पुरे' म्हणेपर्यंत."

त्या दिवशीही ती तशीच उभी होती. तिची चार वर्षांची लेक वीबके लाल टोपी घालून खडकापलीकडे खेळत होती. काहीतरी तडकलं. वर कड्यावर रेखाटत बसलेला नवरा ओरडला, "बर्फच आहे. हलू नकोस!" ती हलली नाही. पोर सापडली ती बर्फ वितळल्यावर. "मला दिसलंच नाही गं," असं तो तीस वर्षं सांगत राहिला, आणि तिने ते खरं मानलं.

योर्नचा बोळा थांबला. टर्पेंटाइनच्या वासात बर्फाचा पांढरा रंग सुटत होता. खाली लाल ठिपका. टोपी. टोपीशेजारी वर केलेला इवलासा हात.

"त्याने पाहिलं होतं..." गेझिना म्हणाली. "पाहिलं, काढलं, आणि वर रंग फासला."

"काकू, मी झाकतो परत. गुरुजींचं नाव..."

"नावाला लाव काडी! नीघ."

तो गेला. ती चित्रासमोर उभी राहिली. खोलीत खारट गारठा भरला. मघाशी लांब असलेली टोपी आता खडकाच्या पायथ्याशी होती. मग मागून कुणीतरी तिचा झगा ओढला... हळूच, गुडघ्याच्या उंचीवरून.

आणि दाराकडून ओळखीचा खाकरा. "हलू नकोस, गेझिना... थोडंच राहिलंय."

जन्माची सवय. पाय जागीच थिजले. मग तिच्या पोटातून शब्द आला, "मुडद्या!" आणि ती वळली.

सकाळी योर्न चित्र न्यायला आला तेव्हा ती खुर्चीत बसून होती. झग्यावर इवल्या पंजाचा ओला डाग. चित्रातला खडक रिकामा होता, टोपीही नव्हती. खरवडल्याची खूण नाही. पार लांब, तडकलेल्या बर्फावर, चित्रवही घेतलेला एक पाठमोरा म्हातारा मात्र उभा होता.

"काकू... हे कोण?"

"टांग नेऊन," ती म्हणाली. "आणि त्याला सांग, बर्फच आहे. हलू नकोस."