दार कुणाला विचारतं?

चिलुफ्याने चौथ्यांदा कार्ड लावलं. दारावरचा लाल दिवा लालच राहिला.

"या दाराची देखभाल मी करतो, आणि ते मलाच ओळखत नाही," तो वैतागून म्हणाला.

लुसाकातल्या एका इस्पितळाच्या तळघरात, संगणकांच्या खोलीत, चौघं अडकली होती. दुपारची वीज नेहमीसारखी गेलेली. यंत्रं बॅटरीवर घुमत होती, थंड हवा बंद होती. पोलादी दार, जाड भिंती, मोबाइलला रेंज नाही. पिशव्या बाहेर ठेवायला इन्स्पेक्टर मुटिंटानेच सांगितलं होतं, आणि त्यातल्या एका पिशवीत दम्याचा पंप होता. तिला स्वतःचाच राग येत होता.

पंप नामुकोलोचा. इस्पितळाच्या सगळ्या संगणकांची रचना या साठीच्या बाईने आखलेली. हाताखालची माणसं तिला 'मायो' म्हणत, आईला म्हणतात तसं. ती भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तिच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

मुटिंटा आली होती ती चोरीच्या तपासाला. रुग्णांची नावं आणि आजार बाहेर विकले जात होते. एका शिक्षिकेची त्यापायी नोकरी गेली होती. चोराची वाट तोडायला म्हणून नामुकोलोने मध्यवर्ती यादीचं, म्हणजे कोणाला कुठे प्रवेश आहे ते ठेवणारं, यंत्र अचानक बंद केलं. यादी सांभाळणारा कासोंडे "आत्ता नको, मायो," म्हणेपर्यंत बटण दाबून झालं होतं. त्यानंतर दार उघडेना.

"लोझी बाईचं दार ते," मुटिंटा मुद्दाम म्हणाली. "आत घेतं, बाहेर सोडत नाही."

मुटिंटा टोंगा, नामुकोलो लोझी; या दोन जमातींत पिढ्यानपिढ्या थट्टेचं नातं. उत्तर न देणं म्हणजे अपमान.

"तुम्ही टोंगा... गोठ्याला तरी... दार लावता का?" नामुकोलो कशीबशी हसली.

"हे दार कुणाला विचारून उघडतं?" मुटिंटाने विचारलं.

"कुणालाच नाही. माझं सगळं काम तेच, बाई. कोणता भाग कोणावर अवलंबून, आणि कोण कोणावाचून चालेल, ते ठरवायचं. दाराची कार्डं दारातच. नोंदवहीही दारातच. यादी बुडाली तरी दार चालायला हवं."

भिंतीवर लावलेल्या, तिने आखलेल्या रचनेच्या नकाशातही दाराचा चौकोन एकटाच होता. त्याच्यापासून यादीकडे एकही रेघ जात नव्हती.

"चिलुफ्या, तू काही बदललंस?" मुटिंटा वळून म्हणाली.

"कशाला बदलू? बदललं असतं तर कार्ड घासत बसलो असतो का?"

"कासोंडे, तू?"

"माझा दाराशी काय संबंध? माझ्याकडे यादी." त्याने शर्टाच्या बाहीने मान पुसली.

दहा मिनिटं गेली. मुटिंटाने पुन्हा एक टोमणा मारला, लोझींच्या मासे खाण्यावरून. नामुकोलो काहीच बोलली नाही. तिचे ओठ निळसर दिसायला लागले होते.

ती उठली आणि कासोंडेसमोर जाऊन उभी राहिली.

"यादी चालू कर."

"त्याने दाराला काय होणार?"

"दार अडकलं तेव्हा चिलुफ्या दाराकडे धावला. तू मात्र उलट्या दिशेला, यादीचं यंत्र असलेल्या कपाटाकडे निघालास. दोन पावलं गेलास, थबकलास आणि परत येऊन दार बडवायला लागलास. ज्याने नकाशावर विश्वास ठेवला तो दाराशीच झटेल. यादी चालू केली की दार उघडेल, हे कुणाला सुचेल? ज्याने दार यादीवर टांगलंय त्यालाच."

"मी ते का करू?"

"दाराच्या नोंदवहीला तुला हात लावता येत नव्हता. दार यादीला विचारायला लागलं, की कोण कधी आत आलं याची नोंद यादीत. यादी तुझी. आत यायचं, माहिती उचलायची, आपली ओळ पुसायची. नकाशात काहीच बदललं नाही, म्हणून कुणाला संशयही आला नाही."

"पुरावा कुठाय?"

"ते दार. यादी चालू करायचा परवलीचा शब्द फक्त तुला ठाऊक आहे. तू निर्दोष असशील तर यादी चालू करूनही दार हलणार नाही, आणि मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन."

कासोंडे कपाटाकडे बघत राहिला. चिलुफ्या नामुकोलोला वारा घालत होता. "अरे, ती जातेय," तो म्हणाला.

कासोंडेने कपाट उघडलं. शब्द टाइप करताना त्याची बोटं दोनदा चुकली. यंत्र घुमायला लागलं, आणि दिवा हिरवा झाला.

त्यानेच नामुकोलोला उचलून बाहेर नेलं, पिशवीतून पंप काढला, तिच्या तोंडाशी धरला. मुटिंटाने बेड्या हातात धरून वाट पाहिली. हळूहळू शिट्टी थांबली.

"तुला कधी कळलं," नामुकोलोने विचारलं, "दार कसं उघडेल ते?"

त्याने पंप पुन्हा तिच्या तोंडाशी नेला.

"कासोंडे."

"बंद झालं तेव्हाच, मायो."

चिलुफ्याने घड्याळाकडे पाहिलं. दार अडकल्यापासून अठरा मिनिटं झाली होती.

नामुकोलोने कासोंडेच्या हातातून पंप काढून घेतला. "आता मला मायो म्हणू नकोस," ती म्हणाली, आणि उठण्यासाठी तिने मुटिंटाचा हात धरला.