पाणी हलवणारी

पियुष, तो मोबाईल उलटा ठेव. हर्षाली, तू भिंतीला टेकून बस, नाहीतर पेंग आली की डोकं आपटून घेशील आणि तुझी आई मला बोलेल. लाईट येईपर्यंत सांगतो. आली तर तिथेच थांबेन, कारण ही गोष्ट उजेडात सांगवत नाही मला.

आपल्या मावला गावातले भगवंतराव तुम्हाला ठाऊक आहेत. भाजीवाले. स्वतःच्या मळ्यातली वांगी बाजारात घेऊन बसतात आणि किडकी असली तर "नका नेऊ" असं गिऱ्हाइकाला स्वतःच सांगतात. असला व्यापारी. मी आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केली. माणूस खोटं बोलताना त्याचे डोळे कुठे पळतात ते मला कळतं. भगवंतरावांचे डोळे कुठे पळाले नाहीत. त्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो, आणि शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलेलं.

दोन हजार चोवीस सालचा मे महिना. पंचवीस तारीख, शनिवारची रात्र. पुनव नुकतीच होऊन गेलेली, चंद्र उशिरा उगवणारा. भगवंतराव एका कामाला निघाले होते. नाल्यात अडकलेले मासे टेम्पोत घालून पैनगंगेत नेऊन सोडायचे.

हसतोस काय? तेव्हा अख्खा मावला हसायचा. बँकेतल्या प्रवीणने इथे ‘रविवार गळ मंडळ’ काढलं होतं, सहा-सात जणांचं. हे लोक कोंबड्याच्या पिसाला दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायचे, लांब काठीने ती पाण्यावर नाचवायचे, मासा लागला की हळूच गळ काढायचे आणि मासा परत पाण्यात! लोक म्हणायचे, यांना घरी कोणी शिजवून घालत नाही वाटतं. मीही म्हणायचो. पण मासे मारायला नदीत ब्लिचिंग पावडर टाकणाऱ्यांना याच लोकांनी हुसकावलं. पैनगंगेतल्या उंबरडोहाच्या काठी पाळ्या लावून हेच जागले. आणि त्यांच्यात सगळ्यात सुरेख माशी बांधायची ती भगवंतरावांची एकुलती एक लेक, दामिनी. आईच्या शिवणाच्या डब्यातले दोरे पळवायची. एकदा माझ्या कोंबड्याची शेपटी अर्धी करून गेली होती, आणि वर मलाच सांगते, "आबा, कोंबडा आता हलका झाला, चांगला पळीन."

तर मासे. पावसाळ्यात पैनगंगेतले महाशीर मासे उलट चढून आपल्या नाल्यात येतात. पाणी ओसरलं की काही डबक्यात अडकतात, आणि मे महिन्यात डबकंच आटतं. मंडळाचे लोक त्यांना ड्रममध्ये भरून भगवंतरावांच्या टेम्पोतून उंबरडोहावर न्यायचे. रात्रीच, कारण दिवसा ड्रममधलं पाणी चहासारखं तापतं. आणि वाटेत एकाने मागे दोन ड्रमच्या मधे फळीवर बसायचं. एक हात या ड्रममध्ये, एक त्या. पाणी सारखं हलवत राहायचं. पाणी हललं तर त्यात हवा मिसळते. हात थांबला की मासे गुदमरतात. ते काम दामिनीचं. डोह येईपर्यंत तिचा हात थांबायचा नाही.

पाण्यात हवा सोडायचा पंप मिळतो, माहीत आहे मला, मधे बोलू नकोस. प्रवीणकडे होता. त्याची बदली झाली, पंपही गेला. पण तो नंतर गेला. आधी दामिनी गेली.

आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये कोणीतरी विजेच्या तारेवर आकडा टाकून दुसरं टोक डोहात सोडलं होतं. असं केलं की मासे मरून वर येतात, मग हाताने वेचायचे. सकाळी दामिनी काठावर पोचली तेव्हा मासे पोट वर करून तरंगत होते. त्यातला एक अजून हलत होता. त्याला धरायला तिने पाण्यात हात घातला.

तार चालूच होती.

कोणाची तार, ते आजपर्यंत कळलं नाही. कॉलेजातली पोर होती रे. मला अजून तिची बोलायची ढब आठवते आणि जीव तुटतो.

मंडळ मोडलं. कोण पाठवणार आपली पोरं? आणि शकुबाई, म्हणजे भगवंतरावांची बायको, नवऱ्याशी कामापुरतंच बोलायला लागल्या. पोरीला नदीचा नाद या माणसाने लावला, असं त्यांच्या मनात बसलं होतं. एका घरात दोन माणसं, आणि भांड्यांचा तेवढा आवाज.

त्या शनिवारी बाजारात भगवंतरावांच्या कानावर आलं की उद्या सकाळी नाल्यातल्या डबक्यात ब्लिचिंग पडणार आहे. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी नंतर विचारलं, मला का नाही उठवलं? तर म्हणाले, "माह्याच पोरीले मी सांभाळू नाही शकलो, नागोराव. दुसऱ्याले कोन्या तोंडानं बलावू?"

रात्री निघताना शकुबाई अंगणात खाटेवर पडल्या होत्या.

"अवो, कुठं चालले?"

"नाल्यावर."

"माही पोर त्याच्यापायीच गेली. अन तुमाले अजून मासेच दिसून राह्यले?"

"तिचं काम हाये ते. राह्यलेलं."

शकुबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. भगवंतराव थोडा वेळ उभे राहिले, मग गेले.

डबक्यात गुडघाभरही पाणी नव्हतं. एकट्याने जुनं लुगडं चिखलातून ओढून त्यांनी मासे धरले. साठीचा माणूस. हातभर लांबीचे महाशीर, सोनेरी खवल्यांचे, चांगले डझनभर निघाले. ते दोन ड्रममध्ये घातले, बादल्यांनी पाणी भरलं आणि टेम्पो काढला. मागे बसायला कोणी नव्हतं. त्यांनी ठरवलं होतं, थोडं जायचं, थांबायचं, मागे जाऊन आपणच पाणी हलवायचं, परत थोडं जायचं. असं जमलं असतं का? मला नाही वाटत. त्यांनाही वाटत नसावं.

आदिलाबाद बाजूला ठेवून ते हायवेला लागले. तो रस्ता मला पाठ आहे. चार पदरी, गुळगुळीत, रात्री फक्त ट्रक. भोरज गावाच्या अलीकडे त्यांना मागून आवाज आला.

छप… छप…

वाटलं, खड्डा असेल. पाणी हिंदकळतंय.

खड्डा नव्हता.

छप… छप…

मासे तडफडतायत असं समजून त्यांनी टेम्पो बाजूला घेतला. इंजिन बंद केलं. गाडी उभी. पाणीही उभं राहायला हवं.

छप… छप… छप…

एका लयीत. आधी उजवीकडच्या ड्रममध्ये, मग डावीकडच्या. मग जरा थांबून, हात झटकल्यासारखं. मग पुन्हा उजवीकडे.

अंगावर काटा आला, म्हणाले. स्टेअरिंग धरलेले हात सुटेनात. कारण ती लय त्यांनी किती उन्हाळे पाठीमागे ऐकली होती. बाप ओळखणार नाही का?

"दामे?"

पाण्याचा आवाज चालूच.

मी त्यांना विचारलं, मागे वळून पाहिलं का नाही? भ्यालात? तर म्हणाले, "भेव वाटला. पण तिचा नाही. पाह्यलं असतं अन तिथं कोनी नसतं तं?"

त्यांनी गाडी सुरू केली. हळू. फार हळू. आणि बोलायला लागले, समोर काचेकडे बघत. तुहा निकाल आला वं, पास झाली तू. वांग्याचं पीक या साली बरं हाये. तुही माय तुही ओढनी कपाटातून काढत नाही अन कोनाले काढूबी देत नाही. मी त्या दिवशी तुले एकटीले जाऊ द्यायला नोको होतं, माय.

मागे पाणी हलत होतं.

डोहाकडे वळणारी बैलवाट पुलाच्या अलीकडे आहे. ती आली. हेडलाईटमध्ये उंबराचं झाड दिसलं.

भगवंतराव वळले नाहीत.

सरळ गेले. पूल लागला. खाली पैनगंगा, वाळूच वाळू. पूल गेला, तेलंगण संपलं, महाराष्ट्र लागला. पाटणबोरी गेली. डोह आला की मासे सुटणार. मासे सुटले की पाणी हलवायचं काम संपणार. काम संपलं की… तेवढं त्यांना कळत होतं. म्हणून गाडी चालवत राहिले. डिझेल होतं. रस्ता होता. मागे लेक होती. माणसाला आणखी काय लागतं रे?

मग आवाज मंद झाला.

छप……

छप………

मासे वर येऊन ड्रमच्या कडांना तोंडं आपटायला लागले. ठक. ठक. हवा कमी पडत होती. आणि त्या ठकठकीच्या मधे, अगदी पाठीशी, श्वास. धाप लागलेल्या माणसाचा.

"थकली का वं?"

नुसती धाप.

"अजून थोडंसं चाल ना बापासंग. दामे…"

हात थांबला.

मागे एकदम तडफड उठली. सगळे मासे. आणि मग, फार कष्टाने, पुन्हा…

छप………

सांगताना इथवर आले आणि भगवंतरावांनी कप हातातच धरून ठेवला. चहा निवून गेला. मग म्हणाले, "मले समजून राह्यलं होतं, नागोराव. गाडी थांबवली तं ती जाईन. नाही थांबवली तं मासे मरतीन. अन मासेच मेले, तं माही पोर कायच्यासाठी गेली?"

दुभाजकात जिथे पहिली फट मिळाली तिथून त्यांनी गाडी वळवली. रडत. मोठ्याने. परतीच्या वाटेवर पाण्याचा आवाज थांबला नाही. पूल. उंबर. बैलवाट. टेम्पो गचके खात वाळूपर्यंत उतरला. इंजिन बंद केलं.

आता काहीच आवाज नव्हता.

ते खाली उतरले. टॉर्च घेतली. मागे गेले. बराच वेळ टॉर्च लावली नाही. मग लावली.

फळी रिकामी.

ड्रममध्ये मासे होते. सगळे जिवंत. कल्ले हलत होते.

मंडळाची एक पद्धत होती. मासा पाण्यात ओतायचा नाही. बादली काठाच्या पाण्यात आडवी धरायची आणि तो आपल्या मनाने बाहेर जाईल तोवर धरून ठेवायची. भगवंतरावांनी तसंच केलं. एक बादली. दुसरी. चंद्र वर आला होता. शेवटच्या बादलीत एकच मासा उरला. तो जाईना. बादलीच्या तोंडाशी नुसता थांबला, कल्ले हलवत. भगवंतरावांनीही घाई केली नाही. गुडघाभर पाण्यात वाकून उभे राहिले, कंबर मोडेपर्यंत. या पाण्यात पोर गेल्यापासून त्यांनी पाय घातला नव्हता.

"जा," ते शेवटी म्हणाले. "जा माय."

मासा गेला.

ते वाळूवर बसून राहिले. इतकं एकटं त्यांना ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं, असं म्हणाले.

उजाडताना टेम्पो गल्लीत आला. मी दूध आणायला निघालो होतो. भगवंतरावांचा अवतार पाहिला, चिखलाने माखलेला, डोळे सुजलेले, आणि त्यांच्या मागोमाग अंगणात शिरलो. शकुबाई खाटेवर उठून बसल्या होत्या. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. तोंडावर रंग नव्हता.

"तुमी राती घरी आलते का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आत्ताच येऊन राह्यलो."

"मंग कोन आलतं?"

शकुबाई माझ्याकडे वळल्या. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं त्यांना.

"चांदनं चांगलं वर आलतं, भाऊजी. कोनीतरी खाटेपाशी आलं. माह्या पदराले हात पुसले. मी झोपीतच बोलली, दामे, हात पुसाले तुले माहाच पदर भेटते का वं? रोज तसंच करे ना ती. नदीवरून आली का माह्याच पदराले हात. मी रोज बोलू तिले. मंग एकदम डोये उघडले माहे…"

नळाला पाणी यायची वेळ झाली होती, शेजारी भांडी वाजत होती.

मग शकुबाईंनी नवऱ्याला विचारलं, वर्षभरात पहिल्यांदा असं सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून,

"सुटले का सारे?"

"हो."

"एकबी नाही मेला?"

"एकबी नाही."

शकुबाई खाटेवर थोड्या सरकल्या. भगवंतराव त्यांच्या शेजारी बसले, चिखलाच्या कपड्यांनी तसेच. मी दाराशी उभा. शकुबाईंनी मूठ उघडून पदराचं टोक दाखवलं. ओलं होतं. पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं. माशाचा वास येत होता.

मे महिना होता, पोरांनो. आपल्याकडचा. धुतलेलं धोतर तारेवर टाकून चहा पिऊन येईपर्यंत वाळतं. मी घरी गेलो, आंघोळ केली, जेवलो, आणि राहवेना म्हणून दुपारी परत गेलो. दोघं तिथेच बसलेले. ऊन पार खाटेवर आलेलं, अंगण तापलेलं. शकुबाईंनी माझा हात धरून पदरावर ठेवला.

ओलाच होता. आणि गार.